रक्त गाळण्याचे यंत्र आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी, हळदीकुंकवाच्या आधी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी विद्वान बाई बाहेरगावाहून येऊन दोन शब्द सांगतात आणि आपण ऐकतो. यंदा अध्यक्षबाईंनी ठरवले की, आपल्यातलीच एकजण उभी राहील. माझे नाव निघाले तेव्हा मी पुष्कळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे चूल, गोठा आणि मुले यांतच वर्षे गेली. पण एक विषय तीन वर्षे माझ्या मनात घर करून बसला आहे. त्याबद्दल मी विचारले, ऐकले, वाचवून घेतले. पुण्यास एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात माझी पुतणी परिचारिका आहे. सुटीत आली की ती मला इंग्रजी कागद वाचून मराठीत समजावून सांगते. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

विषयाचे नाव ऐकून घाबरू नका. फार आजारी माणसाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील काही द्रव्ये काढून घेण्याचा एक उपाय निघाला आहे, त्याविषयी मी बोलणार आहे. आपल्याकडे रक्तशुद्धी म्हटले की पाडव्याचा कडुनिंब आठवतो, नाहीतर एखादा काढा. हे तसे नव्हे. यात मानेतल्या नाहीतर जांघेतल्या मोठ्या शिरेत जाड नळी घालून रक्त बाहेर काढतात, एका डब्यातून नेतात आणि पुन्हा अंगात सोडतात.

आता हा विषय माझ्या घरात कसा शिरला ते सांगते. माझी भावजय आज समोर बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे, ती म्हणाली, "वन्सं, सांगा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

माझा धाकटा भाऊ ऊसतोडीला जाई. आपल्या पाथर्डी तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर किती घरांना कुलपे लागतात, ते मी तुम्हांला सांगायला नको. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि उन्हाळ्यापर्यंत ती अंगमेहनतीने फेडायची. २०२२ च्या डिसेंबरात फडावर त्याच्या नडगीला कोयता लागला. जखम मोठी नव्हती. हळद भरली, फडके बांधले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा फडात गेला. खाडा पडला तर पैसे कापतात, म्हणून. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, लाली गुडघ्याकडे चढली, हुडहुडी भरून ताप आला. कोपीवर ताप कोणाला येत नाही? गोळी घेतली आणि निजला. चौथ्या दिवशी सकाळी तो धापा टाकू लागला, बायकोला आईच्या नावाने हाक मारू लागला. दिवसभरात लघवी झाली नव्हती. हात थंडगार.

संध्याकाळी त्याला शहरातील एका मोठ्या इस्पितळात नेले. मीही निरोप मिळताच निघाले. डॉक्टरांनी सांगितले की, जखमेतला जंतुदोष साऱ्या अंगात भिनला आहे, रक्तदाब उतरला आहे, मूत्रपिंडे बंद पडली आहेत. सलाईन, जंतुनाशक औषधे, प्राणवायू, रक्तदाब चढवणारे औषध, सर्व सुरू झाले. दुसऱ्या दिवशी आम्हांला बोलावून म्हणाले, "रक्तातील विषारी द्रव्ये ओढून घेणारी एक गाळणी आहे. ती लावून पाहता येईल. कदाचित दोन-तीन लागतील." एका गाळणीची किंमत ऐकली तेव्हा माझ्या भावजयीने भिंतीला हात टेकला. ती रक्कम त्या दोघांच्या पूर्ण हंगामाच्या उचलीएवढी होती, आणि उचल तर आधीच घरावर पत्रे घालण्यात खर्च झालेली.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, आता मी काय करू?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. डॉक्टरांना आम्ही विचारले, याने वाचेल का? ते म्हणाले, "खात्री देता येत नाही." ना कोणी आम्हांला नीट समजावले, ना आम्हांला काय विचारावे ते कळले. रात्रभर दोघी जिन्यावर बसलो. दागिना म्हणून तिच्या गळ्यात चार मणी. सकाळी तिने मान हलवून नको म्हटले. बाकीचे उपचार चालूच होते. तिसऱ्या पहाटे भाऊ गेला.

दहाव्याला एका नातेवाइकाने सर्वांदेखत म्हटले, "पैसा जवळ केला आणि माणूस सोडला." भगिनींनो, ते वाक्य माझ्या भावजयीने तीन वर्षे उशाशी घेतले आहे. तिच्यासाठी म्हणून मी हे सारे शोधू लागले. ती गाळणी घेतली असती तर माझा भाऊ वाचला असता काय? एवढाच माझा प्रश्न होता.

प्रथम आजार समजून घेऊ. याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. आपली समजूत अशी की जंतू माणसाला मारतात. ते खरे, पण अर्धेच. जंतू शिरले की शरीर आपल्या पेशींना निरोप धाडते. ते निरोप नेणारी द्रव्ये म्हणजे सायटोकाइन. त्यांतल्या एकाचे नाव इंटरल्यूकिन-६, ते मोजताही येते. एखाद्या खळ्याला आग लागली तर पहिली हाक उपयोगाची असते. चार माणसे घागरी घेऊन धावतात. पण रात्रीच्या अंधारात सारा गाव एकदम ओरडत सुटला, जो तो वाट मिळेल तिकडे धावू लागला, तर आगीपेक्षा चेंगराचेंगरीनेच माणसे जायची. सेप्सिसमध्ये तसे होते. या निरोप्यांचा महापूर येतो, रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब घसरतो, फुप्फुसात पाणी साठते, मूत्रपिंडे थांबतात. जंतूंना विरोध करता करता शरीर स्वतःचेच नुकसान करून घेते. २०१६ साली जगातील तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या याच अर्थाने नव्याने केली.

हा आजार विरळा नाही. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातील दर पाच मृत्यूंत जवळजवळ एक. बाळंतीण तापाने गेली असे आपल्या आज्या सांगत, तोही बहुतेक हाच. न्युमोनिया, लघवीचा दाह, मधुमेह्याच्या पायाची जखम, पोटातले फुटलेले आतडे, यांपैकी कशातूनही हा उद्भवतो.

आता गाळणीकडे येऊ. रक्त अंगाबाहेर नेऊन स्वच्छ करण्याची कल्पना जुनी आहे. हॉलंडमध्ये कांपेन गावी डॉ. विलेम कॉल्फ यांनी १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, मूत्रपिंडाचे काम करणारे यंत्र रुग्णांसाठी वापरले. साधने मिळत नव्हती म्हणून सॉसेज नावाच्या मांसाच्या पदार्थाला आवरण म्हणून वापरतात ती सेलोफेनची नळी त्यांनी घेतली. पहिले बरेच रुग्ण गेले. १९४५ साली एक वृद्ध बाई त्या यंत्राने शुद्धीवर आली आणि बरी झाली. आज ज्याला आपण डायलिसिस म्हणतो त्याची ती सुरुवात. आपल्याही ओळखीत आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला जाणारी माणसे आहेत, ती त्याच्या बळावर संसार करीत आहेत.

डायलिसिसमध्ये बारीक भोकांचा पडदा असतो. पुरणाच्या चाळणीतून जसे बारीक तेवढे खाली उतरते, तसा रक्तातील बारीक कचरा पलीकडच्या पाण्यात उतरतो. सायटोकाइन मात्र त्या मानाने मोठी. ती साध्या पडद्यातून फारशी जात नाहीत. म्हणून दुसरी युक्ती निघाली. डब्यात खसखशीसारखे बारीक मणी भरायचे. ते एका प्रकारच्या प्लॅस्टिकचे असतात आणि प्रत्येक मण्याला आत-बाहेर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. रानातून येताना कुसळे जशी लुगड्याला चिकटून येतात, तशी रक्तातील सायटोकाइन त्या छिद्रांत चिकटून राहतात आणि रक्त पुढे जाते. याला अधिशोषण म्हणतात. आपण गाळणी म्हणतो खरे, पण काम गाळण्याचे नसून चिकटवून घेण्याचे आहे. पाण्याच्या यंत्रात कोळसा वास ओढून घेतो, तसेच. सायटोसॉर्ब नावाचा जो डबा पुष्कळ वापरला गेला, त्यात साधारण ३०० मिलिलिटर मणी मावतात; पण सर्व छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून मोजला तर ४०,००० चौरस मीटरच्या वर भरतो. म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे दहा एकर रान एका डब्यात! एक डबा फार तर २४ तास चालतो. मग नवा लावावा लागतो.

या डब्याला युरोपात २०११ साली परवानगी मिळाली. आपल्या देशात बंगळूरची बायोकॉन कंपनी तो २०१३ च्या सुमारास घेऊन आली. पुढे २०२० साली कोरोना आला आणि 'सायटोकाइनचे वादळ' हा शब्द वर्तमानपत्रांतून आपल्या ओट्यापर्यंत पोचला. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने आणि मे महिन्यात आपल्या देशाच्या औषध नियंत्रकांनी, अत्यवस्थ कोरोना रुग्णांवर आणीबाणीचा उपाय म्हणून तो वापरण्यास मुभा दिली. आणीबाणीची मुभा आणि गुणाची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र आपल्यापर्यंत कोणी पोचवले नाही.

ऐकताना सर्व पटते. वादळाने नुकसान होते, मणी वादळ ओढून घेतात, तेव्हा माणूस वाचलाच पाहिजे. मलाही तसेच वाटले आणि आम्ही केवढा अपराध केला या विचाराने त्या रात्री झोप आली नाही. मग पुतणीने मला एक गोष्ट समजावली. ती म्हणाली, "काकू, डबा लावला आणि माणूस वाचला, एवढ्यावरून डब्याने वाचवला असे होत नाही. तो बाकीच्या औषधांनीही वाचला असेल. खरे कळायचे तर सारख्याच आजाराचे दोन गट करायचे, चिठ्ठ्या टाकून एकाला डबा लावायचा, दुसऱ्याला नाही, बाकी सर्व उपचार सारखे. मग मोजायचे." हे मला लगेच समजले. बियाणे नवे घेतले आणि पाऊसही चांगला झाला, तर पीक कशाने आले? एकाच वावरात दोन पट्टे पेरल्याशिवाय कसे कळणार?

अशा चाचण्या झाल्या आहेत. जर्मनीत सेप्सिस होऊन फुप्फुसे निकामी होऊ लागलेल्या ९७ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. मणी इंटरल्यूकिन-६ धरत होते हे डब्याच्या दोन्ही टोकांना मोजून दिसले. पण रुग्णाच्या अंगातील त्याचे एकूण प्रमाण काही दुसऱ्या गटापेक्षा कमी झाले नाही. झरा वाहता असताना विहिरीतून तांब्याने पाणी उपसावे, तसे ते झाले.

दुसरी चाचणी जर्मनीतीलच फ्रायबुर्ग शहरातली, २०२१ सालची. कोरोनाने फुप्फुसे इतकी बिघडलेले ३४ रुग्ण की, प्राणवायू देण्यासाठीही त्यांचे रक्त यंत्रातून फिरवावे लागत होते. १७ जणांना तीन दिवस सायटोकाइनचा डबा जोडला, १७ जणांना नाही. तीस दिवसांनी मोजले तेव्हा डबा न लावलेल्यांपैकी १३ जिवंत होते. डबा लावलेल्यांपैकी केवळ ३. चाचणी लहान होती, एकाच इस्पितळातली होती, म्हणून डब्याने माणसे मारली असे एवढ्यावरून ठामपणे म्हणता येणार नाही. पण आणीबाणीत घाईने केलेला उपाय निरुपद्रवी असेलच असे धरून चालू नये, एवढे त्यातून सर्वांना कळले.

तिसरी २०२२ सालची, तीही जर्मनीतच झाली. हृदयाच्या झडपांना जंतुदोष झालेल्या २८८ रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी चिठ्ठ्या टाकून गट पाडले. इथे सायटोकाइन खरोखर कमी झाली. पण अवयवांच्या बिघाडात फरक पडला नाही. जपानात १९९४ पासून जंतूंचे विष ओढून घेणारा एक निराळा डबा वापरात आहे. त्याची अमेरिका-कॅनडात ४५० रुग्णांवर चाचणी होऊन २०१८ साली निकाल आला, त्यातही २८ दिवसांच्या मृत्यूंत घट दिसली नाही. सेप्सिसच्या उपचारांविषयी जगातील तज्ज्ञ मंडळींनी २०२१ साली जे मार्गदर्शन छापले, त्यात या जपानी डब्याचा वापर करू नये असे सुचवले आणि रक्त शुद्ध करण्याच्या इतर तऱ्हांबद्दल, शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे म्हटले.

असे का होत असावे? पुतणीने दोन कारणे सांगितली. एक असे की, मण्यांना चांगले-वाईट कळत नाही. वादळ शमवणारी द्रव्येही ते धरतात आणि आपण दिलेली काही जंतुनाशक औषधेसुद्धा. म्हणून डबा लावला असेल तर औषधाच्या मात्रेकडे फार लक्ष द्यावे लागते. दुसरे असे की, पूर ओसरला तरी वाहून गेलेली माती परत येत नाही. अवयव एकदा बिघडले की केवळ सायटोकाइन कमी करून ते सुधारत नाहीत.

एक बाजू मांडली तर दुसरीही मांडली पाहिजे. डबा सुचवणारे सर्व डॉक्टर लोभी असतात असे कोणी म्हणू नये. समोर माणूस जात असतो, हातातले उपाय संपत आलेले असतात, तेव्हा जे आहे ते करून पाहावे असे त्यांनाही वाटते. आपल्या देशातील काही डॉक्टरांनीही हा डबा वापरून रुग्णांत सुधारणा दिसल्याचे लिहिले आहे. या मण्यांचा दुसरीकडे उपयोग होतोही. हृदयाची तातडीची शस्त्रक्रिया करायची असेल तर रक्त पातळ ठेवणारे काही औषध अंगातून काढून घेण्यासाठी युरोपात २०२० पासून त्याला परवानगी आहे. संशोधन चालू आहे. उद्या कदाचित अमक्या रुग्णाला, अमक्या वेळी याचा गुण येतो असे सिद्ध होईल, तेव्हा आपण आनंदाने मान्य करू. पण ते सिद्ध होईपर्यंत, हा डबा घेतला नाही म्हणून माणूस गेला, असे म्हणायला शास्त्रात आधार नाही. कोणी कोणाला दहाव्याला तसे बोलू नये.

मग माझ्या भावाला काय वाचवू शकले असते? उत्तर कडू आहे, पण तेच आज सांगायला उभी आहे. त्याचे तीन दिवस वाया गेले. अमेरिका-कॅनडातील सेप्सिसमुळे रक्तदाब उतरलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २००६ साली डॉक्टरांनी लिहिले की, रक्तदाब उतरल्यानंतर योग्य जंतुनाशक औषध द्यायला जसजसा उशीर होतो, तसतशी दर तासागणिक जगण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी घटते. म्हणून अशा रुग्णाला शक्यतो एका तासाच्या आत शिरेतून औषध द्यावे असे मार्गदर्शन आहे. त्या औषधाची, सलाईनची किंमत त्या डब्याच्या मानाने काहीच नाही. जखम साबण-पाण्याने धुणे, टिटॅनसची सुई आणि लाली चढू लागताच दवाखाना, याला तर त्याहूनही कमी.

मोठा आजार साध्या उपायाने काबूत येतो याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट मुले हृदय निकामी होऊन दगावत. ते वादळ निराळ्या द्रव्यांचे होते, पण वादळच. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी आजार कसा चढत जातो ते टिपले आणि रक्तदाब कमी करण्याची प्राझोसिन नावाची साधी स्वस्त गोळी वापरून पाहिली. आपले निष्कर्ष त्यांनी लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडले. ती गोळी वेळेवर मिळू लागल्यावर विंचवाने मरणाऱ्यांची संख्या फार खाली आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वेळेवर आणि पारखून, हे दोन शब्द त्यांच्या कामातून मी उचलले.

म्हणून भगिनींनो, सेप्सिसची लक्षणे पाठ करा, जशी आपण आरती पाठ करतो. जखम, बाळंतपण, गर्भपात, खोकला, लघवीचा दाह, काहीही निमित्त असो, त्यानंतर खूप ताप येऊन हुडहुडी भरणे, किंवा उलट अंग गार पडणे. श्वास जलद होणे. बोलणे असंबद्ध होणे, किंवा गुंगी येणे. दिवसभर लघवी न होणे. कातडी निळसर, डागाळलेली दिसणे. आणि कधी न झालेला इतका अशक्तपणा, की माणूस स्वतः म्हणतो, आता काही मी राहत नाही. यांतले काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. लहान बाळ दूध ओढेनासे झाले, निपचित पडले, तरीही तसेच. १०८ क्रमांकाची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत. आपल्याकडून करंजीचा घाट उतरून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पोचायला वेळ लागतो. तो वेळ धरूनच निघावे. आणि दवाखान्यात पोचताच तोंडाने विचारावे, "डॉक्टर, हा सेप्सिस तर नसेल?" त्या एका प्रश्नाने कोणी रागावत नाही.

आणि ईश्वर न करो, पण कधी तुमच्यापुढे असा महागडा उपाय ठेवला गेला, तर आम्ही जे विचारू शकलो नाही ते तुम्ही विचारा. हा उपाय आमच्या माणसाच्या कोणत्या बिघाडासाठी आहे? याने जीव वाचतात असे चाचण्यांत दिसले आहे काय? हा घेतला नाही तर बाकीच्या उपचारांत काही उणे पडेल काय? एकूण किती डबे, किती खर्च आणि कोणत्या खुणेवरून थांबायचे? जंतुनाशक औषधाची मात्रा त्यानुसार बदलणार काय? हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. उपचारांची माहिती मिळण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आपल्याला हक्क आहे. राज्याच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे खाजगी इस्पितळात रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावलेली असली पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो. कशाचा खर्च योजनेत बसतो आणि कशाचा नाही, ते शेत गहाण टाकण्याआधी त्याला विचारावे.

मंडळापुढे माझी एक छोटी सूचना आहे. दरवर्षी दसऱ्यानंतर ज्या घरची माणसे ऊसतोडीला निघतात, त्यांच्या गाडीत मंडळातर्फे एक डबी ठेवावी: साबणाची वडी, स्वच्छ पट्ट्या, ताप मोजायची नळी आणि वरची लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. त्यावर १०८ आकडा ठळक लिहावा. मढीच्या यात्रेला आपण पाण्याची सोय करतोच, तिथेही असाच कागद वाटता येईल. पट्ट्या मी शिवून देईन. ज्या मुकादमांच्या घरच्या बायका आज इथे आल्या आहेत, त्यांनी घरी एवढेच सांगावे की, तापलेल्या माणसाचा खाडा धरू नका.

शेवटी माझ्या भावजयीला चारचौघींत एक गोष्ट सांगायची आहे, कारण जे बोलणे चारचौघांत झाले त्याचे उत्तरही चारचौघांतच व्हावे. बाई गं, तू डबा नाकारलास म्हणून माझा भाऊ गेला नाही. ते तीन दिवस गेले त्यातही तुझा एकटीचा दोष नाही. मला ठाऊक असते तर मी फोनवर ओरडले असते. मलाही ठाऊक नव्हते. आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते. पण आज या अंगणात बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक झाले आहे. म्हणून यापुढे जी गाफील राहील, तिला मात्र दोष लागेल, आणि त्यात पहिली मी.

 आता हळदीकुंकू घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये, आणि डबीच्या कामाला ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंच्या वहीत आजच लिहावे.

जय हिंद!